धार आणि नक्षी : अडकित्त्याच्या रसग्रहणाविषयी काही विचार

जुन्या शस्त्रांविषयी लिहिताना आपण फार चोखंदळ असतो. तलवारीच्या पोलादाचा पोत, पात्याचा बाक, मुठीची पकड यांची चर्चा केल्याखेरीज तिचे वर्णन पुरे झाले असे आपणांस वाटत नाही. परंतु पाते लहान झाले, कमरेवरून खिशात किंवा चंचीत आले, की हा चोखंदळपणा आपल्याला सोडून जातो. खिशातला मिटता चाकू मग किरकोळ वस्तू ठरतो आणि चंचीतला अडकित्ता 'सुबक', 'कलापूर्ण' अशा एकदोन विशेषणांत आटोपतो. या लहान पात्यांचे रसग्रहण कोणत्या कसोट्यांवर व्हावे, याचा विचार अडकित्त्याच्या आधारे येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ कै. दिनकर गंगाधर केळकर यांच्यापासूनच करावा लागतो. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी (१८९६–१९९०) पुण्यात दिवे, दौती, कुलपे, अडकित्ते अशा घरगुती वस्तूंचा जो संग्रह जन्मभर केला, त्याला त्यांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्याबाहेरच्या वस्तूलाही इतिहास असतो, हे या संग्रहाने आपणांस शिकविले. हे ऋण मान्य करूनच म्हणावे लागते की, तेथील अडकित्ते पाहून आलेला रसिक बहुधा बोलतो तो पोपट, मोर, घोडा, मिथुन या आकृतींविषयी. पितळेची नक्षी डोळ्यांत भरते. लोखंडाचे पाते नजरेआड राहते. हा दोष संग्राहकाचा नव्हे, आपल्या पाहण्याचा आहे.

वास्तविक अडकित्ता हे नावच आपणांस वस्तूच्या कार्याकडे नेते. त्याचे नाते कन्नडमधील 'अडकत्तरी' या शब्दाशी आहे. अडिके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. रचना वरवर साधी दिसते. दोन दांड्या एका टोकाशी खिळ्याने जोडलेल्या, सुपारी त्या खिळ्याजवळ आणि हाताची पकड दुसऱ्या टोकाला. टेकू एका टोकास, भार मध्ये आणि बल दुसऱ्या टोकास अशी ही दुसऱ्या प्रकारची तरफ होय. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका जोर अधिक; परंतु तितकीच तेथे जागा कमी. या दोहोंचा मेळ घालणे हे कारागिराचे पहिले कौशल्य. खिळा सैल राहिला तर पाते बाजूला सरकते आणि सुपारी कातरली न जाता फुटते. तो अति घट्ट बसला तर हात शिणतो. नुसती खांडे करणे आणि कागदासारखी पातळ सुपारी कातरणे यांतील अंतर या एका खिळ्यावर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून आमच्या मते पहिली कसोटी सांध्याची, दुसरी पात्याची. आकृतीचा विचार त्यानंतर.

मिटत्या चाकूंचे जाणकार याच क्रमाने पाहतात. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये घडविलेला चाकू पाहावा. लाकडाची साधी मूठ, एक पाते, एक खिळा. पुढे १९५५ मध्ये उघडलेले पाते जागच्या जागी रोखणारे फिरते कडे त्यास जोडले गेले. नक्षीचा मागमूस नसताही त्याचे चाहते जगभर आहेत. आपल्याकडील रामपुरी चाकूच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हाती दिला आणि त्याची कारागिरी त्या बदनामीखाली झाकली गेली. गंमत अशी की, या बाबतीत कायदा रसिकापेक्षा अधिक विवेकी ठरतो. १९६२ च्या शस्त्रनियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडला. परंतु घरकामासाठी, शेतीसाठी घडविलेली पाती त्यातून वगळली. हे पाते कशासाठी घडविले, हा प्रश्न कायद्याने विचारला. रसिकानेही तो विचारावयास हवा.

येथे एक आक्षेप संभवतो. उपयुक्तता हीच कसोटी मानली तर अलंकरणाला स्थान कोणते? याचे उत्तर चांगल्या अडकित्त्यातच मिळते. घोड्याच्या मानेचा बाक तळहातात बसतो, तेव्हा ती मान नक्षीही असते आणि मूठही. ज्याच्या दोन दांड्यांना स्त्रीपुरुषांचे आकार दिले आहेत, असा अडकित्ता मिटला की त्या आकृती एकमेकींजवळ येतात आणि उघडला की दुरावतात. ही नक्षी चालती आहे. खिळ्याभोवती फिरणाऱ्या हालचालीतच तिचा अर्थ आहे. काचेच्या कपाटात मिटून ठेवलेल्या अडकित्त्यात तो अर्धाच दिसतो. म्हणजे सांधा विसरणारा रसिक अखेरीस नक्षीलाही मुकतो. याउलट, जिच्या टोकदार कंगोऱ्यांमुळे दांडी हाताला रुतते, ती नक्षी कितीही नाजूक असो, अडकित्त्याची म्हणून ती सदोषच होय. सोन्याची सुरी झाली तरी ती कोणी उरात खुपसून घेत नाही, या म्हणीतही धातूच्या मोलाने धार झाकली जात नाही, हेच शहाणपण आहे.

तिसरी कसोटी झिजेची. साणेवर वर्षानुवर्षे घासून अरुंद झालेले पाते, अंगठ्याखाली गुळगुळीत झालेली दांडी, कधीतरी बदललेला खिळा हा त्या वस्तूचा लेखी नसलेला इतिहास आहे. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी आपल्या आजीचा अडकित्ता मोठ्या हौसेने चिंचेने घासून लखलखीत केला आणि पात्यावर कानस चालविली. तो सुंदर दिसू लागला. परंतु आजीचा हात त्यावर कोठे पडत असे, हे त्यानंतर कधीच ओळखता आले नाही. बाजारात विक्रीसाठी उजळलेल्या अडकित्त्यांचीही हीच गत होते. नक्षी उठून दिसते आणि पुरावा नाहीसा होतो.

नागपूरच्या अभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटू नये. नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०-७२ मध्ये माहुरझरी येथे उत्खनने केली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील तेथील शिळावर्तुळांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर यांच्या जोडीला नखे काढण्याची लहानशी लोखंडी हत्यारेही सापडली. मृताच्या सोबत ठेवलेले ते अगदी खाजगी असे पाते होय. गंजाने खाल्लेल्या अशा वस्तूपुढे पुरातत्त्वज्ञ 'सुबक' म्हणून थांबत नाही. काम करणारे टोक कोणते, हाती धरण्याची जागा कोणती, हे तो आधी पाहतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडाला जे प्रश्न आपण विचारतो, ते आजीच्या चंचीतील लोखंडाला का विचारू नयेत?

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. विड्याचे तबक बैठकीतून उठले, सुपारी कातरलेली विकत मिळू लागली आणि घरोघरचे अडकित्ते मोडीत निघाले. त्यातही नक्षीदार तेवढे संग्राहकाच्या हाती लागून वाचतात. साधे, लोखंडी, गावच्या लोहाराने घडविलेले अडकित्ते भंगाराच्या भावाने जातात; आणि कारागिरीचा मुख्य प्रवाह कळावयाचा तो त्यांच्यातूनच. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील व गावातील अशा एकेका पात्याची नोंद केली तरी पुष्कळ काम होईल. लांबी-रुंदी, धातू, सांध्याची पद्धत, झिजेची जागा, कोणी घडविले, कोणी वापरले, एवढे एका पानात मावते. मात्र ती नोंद होईपर्यंत वस्तू घासू नये.