पुनरुक्तीचे सामर्थ्य : सुसुमु ओनो यांच्या ग्रंथाचा पुनर्विचार

जीवशास्त्रावरील ग्रंथाची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. परंतु ‘उत्क्रांती’ हा शब्द आपल्या समीक्षेत इतक्या सैलपणे वावरतो की, त्याचा मूळ आशय एकदा तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा ‘इव्होल्यूशन बाय जीन डुप्लिकेशन’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याचे मूल्यमापन आता शांतपणे करता येईल.

ग्रंथाचा सिद्धान्त थोडक्यात असा. नैसर्गिक निवड ही मुख्यतः राखणदार आहे. जे जनुक जीवनावश्यक कार्य करते त्यात बिघाड आणणारा प्रत्येक बदल ती बाद करते. म्हणून जनुक जितके आवश्यक तितकेच ते जखडलेले. मग नवे कार्य येते कोठून? ओनो यांचे उत्तर असे की, जनुकाची जोडप्रत निर्माण होते. एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरी निवडीच्या पहाऱ्यातून सुटून बदलत जाते. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे. हॉल्डेन व मुलर यांनी १९३० नंतरच्या दशकातच तिचे सूतोवाच केले होते. विखुरलेल्या निरीक्षणांतून एकसंध सिद्धान्त उभारणे हे मात्र ओनो यांचे कर्तृत्व होय.

त्यांचा सर्वांत धाडसी तर्क पृष्ठवंशीय प्राण्यांविषयी आहे. या प्राण्यांच्या पूर्वजांत एखाददुसरे जनुकच नव्हे, तर संपूर्ण जनुकसंच द्विगुणित झाला असावा, असे त्यांनी मांडले. शरीराचा आराखडा ठरविणाऱ्या हॉक्स जनुकांचा ॲम्फिऑक्सस या लहानशा समुद्रजीवात एकच समूह आढळतो, मनुष्यात चार. २००८ साली या जीवाच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा ओनो यांच्या तर्कास भक्कम आधार मिळाला.

परंतु ग्रंथात एक कच्चा दुवा आहे. पहारा उठलेल्या प्रतीत नवे कार्य उपजण्यापेक्षा मोडतोड होण्याचाच संभव अधिक. बहुतेक प्रती निकामी होतात हे ओनो यांनाही मान्य होते. पण उरलेल्या थोड्या प्रती तग कशा धरतात, याचे समाधानकारक उत्तर ते देत नाहीत. ते उत्तर पुढील संशोधकांनी दिले. अंटार्क्टिक सागराचे पाणी उणे १.९ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. सामान्य माशाचे रक्त त्याआधीच गोठते. तेथील ईलपाउट माशाचे हिमरोधक प्रथिन सायलिक आम्ल बनविणाऱ्या जनुकाच्या जोडप्रतीतून घडले, हे २०१० साली दाखविण्यात आले. लक्षणीय गोष्ट ही की, मूळ प्रथिनातच हिमकणास चिकटण्याची अल्पशी क्षमता होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या साल्मोनेला जीवाणूवरील प्रयोगानेही हेच दाखविले. एक मुख्य व एक दुबळे अशी दोन कामे करणारे जनुक, दोन्हींची निकड असलेल्या परिस्थितीत, प्रथम बहुगुणित झाले आणि ३००० पिढ्यांच्या आत त्याच्या प्रतींनी कामे वाटून घेतली. म्हणजे जोडप्रत रिकामटेकडी राहून दैवयोगाची वाट पाहत नाही. बदलत्या परिस्थितीत ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

आमच्या मते, साहित्याच्या अभ्यासकास या दुरुस्तीतच खरे शिकण्यासारखे आहे. आपल्या काव्यशास्त्राने पुनरुक्तीस दोषांत गणले, आणि वर्गात आपण एकार्थी शब्दजोडीतील एक शब्द खोडण्यास सहज सरसावतो. वास्तविक ‘गर्भिणी’ व ‘गाभण’ यांचे मूळ एकच. आज पहिला शब्द स्त्रीकडे व दुसरा गाईम्हशींकडे गेला आहे. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ यांची वाटणीही तशीच. ‘दिनांक’ आल्याने ‘तारीख’ मेली नाही. पत्राच्या माथ्यावर एक आणि कोर्टात दुसरी, अशी दोघांची सोय लागली. शब्दांची ही वाटणी माणसे करतात, जनुकांची कोणी करीत नाही. म्हणून हे साम्य फार ताणू नये. तरीही बडोदे, इंदूर वा बेळगाव येथे, जेथे मराठीस शेजारच्या भाषांबरोबर नित्य नांदावे लागते, तेथे शुद्धतेच्या नावाखाली जोडशब्द छाटण्यापूर्वी ते कोणते काम करीत आहेत, हे शिक्षकाने पाहिलेच पाहिजे.

ओनो यांच्या ग्रंथाचा तपशील आज अनेक ठिकाणी जुना झाला आहे. तथापि, निवड राखते खरी, परंतु राखण्याजोगे नवे घडण्यास काही अधिकउणे शिल्लक असावे लागते, हा त्याचा मुख्य विचार आम्हांस आजही ग्राह्य वाटतो. राखणदारीचे काम पत्करलेल्या आपल्यासारख्या संस्थांनी तो अवश्य मनन करावा.