पाठीमागच्या आसनावरून

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या विशेष आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. विष्णुभट गोडसे यांच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांडे यांच्या १९६० सालच्या 'अपूर्वाई'पर्यंत आणि त्यानंतरही हा ओघ वाहतच राहिला आहे. या दोन ग्रंथांची गोष्ट वेगळी. परंतु या प्रकारातील पुष्कळशा लेखनास एक दोष चिकटून असतो. लेखकाने काय काय पाहिले याची यादी होते; त्याने ते कसे पाहिले याचा विचार होत नाही. डोंगर विलोभनीय असतात, घाटातली वळणे चित्तथरारक असतात, आणि पुस्तक मिटल्यावर ना डोंगर मनात उरतो ना वळण. या दोषावर बोट ठेवणाऱ्या एका परदेशी प्रवासग्रंथाचा परामर्श आम्ही येथे घेणार आहोत. ग्रंथाचे नाव चमत्कारिक आहे: 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स', म्हणजे झेन आणि मोटारसायकलची निगा राखण्याची कला.

ग्रंथाचे लेखक रॉबर्ट पर्सिग १९२८ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे जन्मले आणि २०१७ साली निवर्तले. १२१ प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. १९६८ च्या जुलै महिन्यात पर्सिग आपला अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस यास मोटारसायकलवर मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत गेले. निम्म्या वाटेपर्यंत जॉन व सिल्व्हिया सदरलँड हे स्नेही जोडपे दुसऱ्या मोटारसायकलवर सोबत होते. या प्रवासाची हकीकत हा ग्रंथाचा एक पदर. दुसरा पदर त्याहून गूढ आहे. कथन करणारा मनुष्य पूर्वी मनोरुग्णालयात होता. विजेच्या झटक्यांच्या उपचाराने त्याचे आधीचे व्यक्तिमत्त्व पुसले गेले आहे. त्या हरवलेल्या स्वतःला तो 'फीड्रस' म्हणतो आणि वाटेवर त्याच्या पाऊलखुणा शोधत राहतो. तिसरा पदर तत्त्वचिंतनाचा. अमेरिकेत पूर्वी गावोगाव तंबू ठोकून लोकशिक्षणाची व्याख्याने होत, त्यांस 'चौटाक्वा' म्हणत. गाडी चालवता चालवता कथक वाचकापुढे असेच व्याख्यान मांडतो. आपल्याकडील कीर्तनातील पूर्वरंग व उत्तररंग ज्यांस ठाऊक आहेत, त्यांना ही घडण परकी वाटणार नाही.

प्रथम रस्त्याविषयी. ग्रंथाचा प्रारंभ मध्य अमेरिकेच्या सपाट, पाणथळ प्रदेशात होतो. सकाळचे तापू लागलेले ऊन, दलदलीचा वास, लव्हाळ्यांतून उडणारे लाल खांद्यांचे काळे पक्षी. कथक म्हणतो ते असे: मोटारीच्या काचेतून दिसणारा प्रदेश दूरदर्शनच्या पडद्यासारखा चौकटीत बसलेला असतो, मोटारसायकलवर ती चौकट नाहीशी होते, आणि पायाखालून धावणारा रस्ता खराखुरा रस्ता असतो. म्हणून रुंद राजमार्ग टाळून तो आडवाटेचे, वळणावळणांचे, गावागावांतून जाणारे रस्ते निवडतो. ज्या रस्त्याने वेळ वाचत नाही तोच त्यास हवा असतो. याच पहिल्या पानांत बाप मुलाला तो पक्षी हौसेने दाखवतो, आणि मुलगा असले पक्षी आपण पुष्कळ पाहिल्याचे सांगून विषय संपवतो. वाचकहो, हा इवलासा संवाद आपण ध्यानात ठेवावा. आम्हांस त्याकडे परत यावयाचे आहे.

या प्रवासातील सर्वांत रमणीय टप्पा मॉन्टाना राज्यातील रेड लॉज गावापासून येलोस्टोन उद्यानाकडे जाणाऱ्या बेअरटूथ महामार्गाचा. १९३६ साली खुला झालेला हा रस्ता नागमोडी वळणे घेत १०,९४७ फुटांच्या खिंडीपर्यंत चढतो. हिवाळाभर तो बर्फाखाली बंद असतो आणि साधारणतः मे महिन्याच्या अखेरीस उघडतो. त्यामुळे खाली मैदानात उन्हाळा लागला तरी वर वसंत नुकताच पोहोचत असतो. जुलैतदेखील कडेला हिमाचे ढीग आणि त्यांच्या शेजारी चिमुकली रानफुले आढळतात. असे दृश्य हाती लागल्यावर सामान्य लेखकाने पाने भरली असती. पर्सिग मात्र थोडक्यात आटोपतात आणि या उंचीवरून 'मनाच्या उंच प्रदेशा'कडे वळतात: तेथील हवा विरळ असते, वाटा कमी असतात आणि चुकण्याचे भय मोठे असते. हा संयम स्तुत्य आहे. त्याचबरोबर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. काही ठिकाणी डोंगर हा डोंगर राहत नाही, तो विचाराचा दृष्टान्त होऊन बसतो. चौकट मोडावयास निघालेला लेखक तेथे निराळी चौकट उभी करतो, एवढेच.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य रस्त्यात नाही, निगा राखण्यात आहे. जॉनच्या महागड्या गाडीची मूठ सैल होते, तेव्हा कथक त्यास बिअरच्या रिकाम्या डब्याची पत्र्याची पट्टी खाली सारण्यास सुचवतो. ती पट्टी कामास अगदी योग्य असते. परंतु इतक्या उंची गाडीस डब्याचा पत्रा लावावयाचा या कल्पनेने जॉन दुखावतो. त्याला गाडीवर बसण्याचा आनंद हवा आहे, तिच्या अंतरंगाशी नाते नको आहे. पुढे एक अडकलेला स्क्रू येतो. तो निघत नाही, त्याची खाच बोथट होते, आणि कवडीमोलाच्या त्या वस्तूपुढे सबंध यंत्र निरुपयोगी ठरते. अशा वेळी चिडावयाचे, हत्यार फेकावयाचे, की थांबून त्या स्क्रूकडे प्रथमच नीट पाहावयाचे? पर्सिग यांचे उत्तर असे की, अडकणे हीच शिकण्याची खरी सुरुवात होय. यंत्रावरील ही पाने वाचताना यंत्राचे ज्ञान नसलेल्या वाचकासही आपल्या स्वभावाचे दर्शन घडते.

याच सूत्राचा दुसरा प्रसंग बोझमन येथील महाविद्यालयात घडतो. फीड्रस तेथे निबंधलेखन शिकवत असे. एका विद्यार्थिनीस अमेरिकेवर पाचशे शब्दांचा निबंध लिहावयाचा असतो, पण तिला काही सुचत नाही. विषय संकुचित करीत तो तिला बोझमन गावावर आणतो, मग मुख्य रस्त्यावर, मग एका इमारतीवर, आणि अखेरीस नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीतील वरच्या डाव्या कोपऱ्यातील एका विटेवर. मुलगी समोरच्या उपाहारगृहात बसून लिहू लागते आणि पाच हजार शब्द लिहून आणते. तोवर ती इतरांनी सांगितलेलेच पुन्हा सांगू पाहत होती; विटेविषयी कोणी काही सांगितलेले नव्हते, म्हणून तिला स्वतः पाहावे लागले. प्रवासवर्णनांच्या ज्या दोषाचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्यावर याहून चांगला उपाय आमच्या वाचनात नाही.

आता ज्या प्रसंगाशी आमच्या वाचकांचा निकटचा संबंध आहे, तो पाहू. विद्यापीठ म्हणजे काय हे सांगताना फीड्रस एका खेड्यातील चर्चचा दाखला देतो. ती इमारत विकली जाऊन तिचे मद्यालय झालेले असते आणि दारावर बिअरच्या जाहिरातीचा विजेचा फलक झळकत असतो. लोक तक्रार करतात. चर्च कॅथलिक होते. उत्तर देण्यास नेमलेले धर्मगुरू वैतागून सांगतात की, विटा आणि फळ्या म्हणजे चर्च नव्हे, आणि तक्रार करणाऱ्यांस चर्चचा अर्थच उमगलेला नाही. फीड्रसला हे उत्तर फार पटते. खरे विद्यापीठही असेच इमारतींपलीकडे असते, असे तो सांगतो.

धर्मगुरूंचे म्हणणे शिकवणुकीच्या दृष्टीने निर्दोष आहे. ख्रिस्तसभा ही माणसांची असते, विटांची नव्हे. तथापि आमचे मन या ठिकाणी तक्रार करणाऱ्या गावकऱ्यांकडे झुकते. त्याच विटांच्या आत त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले, त्याच दारातून त्यांच्या आईबापांच्या शवपेट्या बाहेर पडल्या. त्यांना सिद्धान्त कळला नव्हता असे नाही. त्यांना वीट ठाऊक होती. ज्या ग्रंथात नाट्यगृहाच्या एका विटेस पाच हजार शब्दांचा मान मिळतो, त्याच ग्रंथात चर्चच्या सगळ्या विटा एका वाक्यात बाजूस साराव्यात, ही विसंगती लहान नाही. लेखकाचे लक्ष जेव्हा कल्पनेकडे लागते तेव्हा जवळची वस्तू त्याच्या हातून निसटते, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

दुसरे उदाहरण तत्त्वज्ञानाचे. 'क्वालिटी' म्हणजे उत्तमता हे पर्सिग यांचे मुख्य तत्त्व. तिची व्याख्या करता येत नाही, परंतु ती सर्वांस ओळखता येते, असे ते म्हणतात. प्राचीन ग्रीसमधील सोफिस्ट शिक्षक हिलाच 'आरेते' या नावाने शिकवीत. प्लेटोने तिला सत्याची दासी केले आणि अॅरिस्टॉटलने तिचे वर्गीकरण करून तिचा प्राण घेतला, असा त्यांचा आरोप आहे. सेमिनरीत अॅरिस्टॉटल आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांच्या हातून मिळाला. तो अॅरिस्टॉटल या पुस्तकात आम्हांस भेटला नाही. सद्गुण हे ऐकून वा तर्क करून येत नाहीत. घर बांधून गवंडी होतो, वीणा वाजवून वादक होतो, तसा न्यायाचे आचरण करूनच मनुष्य न्यायी होतो, असे अॅरिस्टॉटल नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सांगतो. मग गॅरेजमध्ये बसून, चीड आवरून, तोच स्क्रू पुन्हा पुन्हा शांतपणे हाताळणारा पर्सिग यांचा कारागीर कोणाचा शिष्य? आमच्या मते तो अॅरिस्टॉटलचाच. लेखक ज्याच्याशी भांडतो त्याच्याच घरी राहतो. फीड्रस या ग्रीक नावाचा अर्थ ग्रंथात 'लांडगा' असा दिला आहे, तोही बरोबर नाही. तो शब्द 'तेजस्वी' या अर्थाचा आहे. एकाकी, पाठलाग झालेल्या लांडग्याची प्रतिमा लेखकास हवी होती, आणि तिने त्यास चकवले.

भारतीय वाचकास दोन प्रसंग विशेष जवळचे वाटतील. फीड्रस काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला होता. जग ही माया आहे असे प्राध्यापक सांगत असता तो विचारतो, हिरोशिमा आणि नागासाकीवरील बाँबही मायाच काय? प्राध्यापक हसून होकार देतात; फीड्रस वर्ग सोडतो आणि भारतही सोडतो. दुसरा प्रसंग कैलासयात्रेचा. यात्रेकरूंपेक्षा त्याचे शरीर धडधाकट होते, तरी तीन दिवसांत तो थकून मागे फिरला आणि दुबळे यात्रेकरू पुढे गेले. तो आपल्या पराक्रमासाठी चढत होता, ते पर्वताच्या पावित्र्यासाठी चढत होते. तीर्थयात्रा आणि सहल यांतील भेद इतक्या थोडक्यात सांगितलेला क्वचितच आढळतो. मात्र हे सारे जाणणारा हाच मनुष्य आपल्या मुलासोबत बोझमनजवळचा डोंगर चढतो आणि दरड कोसळण्याच्या भीतीने शिखराच्या खालूनच मागे फिरतो. मुलाचा हिरमोड होतो.

आता त्या पक्ष्याकडे परत येऊ. ख्रिस सबंध प्रवासभर मागच्या आसनावर आहे. तो कुरकुरतो, रडतो, त्याचे पोट दुखते. पोटदुखीत मानसिक विकाराची सुरुवात असू शकते, असे डॉक्टरांनी सांगितलेले आहे. बाप इंजिनातील बारीकसा बदललेला आवाज तत्काळ ओळखतो. मुलाच्या आवाजातील बदल मात्र त्यास उशिरा कळतो. उत्तमतेवर शेकडो पाने बोलणारा हा मनुष्य ज्याच्याशी बोलत नाही, तो त्याच्या पाठीस टेकून बसलेला असतो. पर्सिग यांनी १९९९ सालच्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात आपला कथक विश्वासार्ह नसल्याचे स्वतःच सुचविले आहे. आम्हांस वाटते, हे जाणून वाचले तरच ग्रंथाची उंची कळते. तत्त्वज्ञान ही यातील मुख्य कथा नव्हे. हरवलेल्या पित्याची वाट पाहणाऱ्या मुलाची ही कथा आहे.

शेवट कॅलिफोर्नियाच्या कड्यावर, समुद्राच्या धुक्यात होतो. बाप मुलाला आपल्या आजाराचे सत्य सांगतो. आपण खरोखर वेडे होता का, असे मुलगा विचारतो. बाप 'नाही' म्हणतो. मुलाला ते ठाऊकच असते. पुढे दोघे शिरस्त्राणे काढून निघतात आणि ख्रिस पायटांवर उभा राहून बापाच्या खांद्यांवरून पाहू लागतो. तोवर त्यास केवळ बापाची पाठ दिसत आली होती. सुंदर रस्ता इतके दिवस समोर होता. तो मुलापर्यंत पोहोचला तो शेवटच्या काही मैलांत.

१९७९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे लुटारूंच्या हल्ल्यात ख्रिस मारला गेला. १९८४ साली जोडलेल्या उपसंहारात पर्सिग यांनी त्याविषयी लिहिले आहे. मुलगा गेला कुठे, हा त्यांचा प्रश्न. पुढे त्यांच्या पत्नीस दिवस गेले. गर्भ न राखण्याचे ठरले होते, परंतु शेवटच्या क्षणी तो निर्णय फिरला आणि मुलगी जन्मली. ख्रिसचे काही तरी या मुलीत पुढे चालले आहे, असे ते सुचवितात. हा विचार आमच्या श्रद्धेच्या परिभाषेत बसत नाही. तरीही मोठे सिद्धान्त बाजूला सारून एका बालकाच्या बाजूने उभा राहणारा बाप येथे दिसतो, आणि मुख्य ग्रंथात ज्याची उणीव होती ते लक्ष येथे पूर्ण होते.

या पुस्तकाचे पुष्कळ चाहते त्यातील रस्ता तेवढा उचलतात. पर्सिग यांची होन्डा मोटारसायकल आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे, आणि त्यांच्या वाटेने गाड्या हाकणारे हौशी लोकही आहेत. त्यात गैर काही नाही. परंतु ग्रंथाने मागितले होते ते लक्ष. समोरच्या स्क्रूकडे, विटेकडे, आणि सर्वांआधी मागे बसलेल्या माणसाकडे. आज आपल्या घराघरांतून मोटारसायकल आहे आणि तिच्यावर कुणाची तरी मुले मागे बसलेली आहेत. ग्रंथ दीर्घ आहे, मधली तत्त्वचर्चा जड आहे आणि ग्रीकांवरील प्रकरणे तर सावधपणे वाचावयास हवीत. तरीही मुले मोठी होत असलेल्या प्रत्येक पित्याने तो वाचावा असे आम्हांस वाटते. आणि वाचून झाल्यावर तत्त्वज्ञानावर वाद घालण्याआधी, मागे बसलेल्यास काय दिसते, एवढे एकदा त्यालाच विचारावे.