रोगनिवारणाचा लाभ आणि बैलाचे मोल

सन 2022 च्या ऑगस्टात लंपी चर्मरोगाची साथ प्रथम जळगाव जिल्ह्यात आढळली व पुढे लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातही पसरली. शासनाने मृत दुधाळ जनावरास 30,000, ओढकामाच्या बैलास 25,000 व वासरास 16,000 रुपये साहाय्य ठरविले. मृतांच्या संख्येस या दरांनी गुणावे आणि येणारी रक्कम हीच रोगाची हानी, म्हणूनच लसीकरणाचा लाभ, असे मानावे, हा हिशेब सोपा आहे. आमच्या मते तो मुळातच चुकीचा आहे.

साहाय्याचा दर हे धोरण होय, मूल्य नव्हे. शिवाय या गुणाकारात मृत्यू तेवढेच येतात. या रोगात मरणाऱ्यांपेक्षा आजारी पडून उठणारी जनावरे कितीतरी अधिक असतात. अंगावर गाठी व पायांस सूज असलेल्या बैलाच्या मानेवर जू ठेवता येत नाही. त्यातही एक बैल बसला की जोडी बसते. म्हणजे निरोगी बैलाचेही दिवस हानीत धरणे प्राप्त आहे. साथीचा जोर सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी यांच्या ऐन तोंडावर होता. त्या पंधरवड्यातील दिवस आणि चैत्रातील रिकामा दिवस एकाच भावाने कसे मोजावेत?

यावर आक्षेप येईल की, आता ट्रॅक्टर आहेत आणि 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश घटलेलाच दिसतो. आक्षेपात तथ्य आहे. नांगरणी-पेरणीपुरते ट्रॅक्टरचे भाडे हेच बैलाच्या दिवसाचे मोल धरण्यास हरकत नाही. परंतु उभ्या कपाशीतील डवरणीस हा मापदंड लागू पडत नाही. तेथे शेजाऱ्याची जोडी मागावी लागते, आणि साथीत तीही गोठ्यातच असते.

मॅकइनर्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखविल्याप्रमाणे रोगाची किंमत म्हणजे हानी अधिक नियंत्रणाचा खर्च. आणि लाभ म्हणजे एकूण हानी नव्हे, तर टाळता येणारी हानी. ही मांडणी आम्ही स्वीकारतो. मात्र तिच्या खर्चाच्या बाजूस आपल्याकडे केवळ लस व मजुरी लिहिली जाते. सप्टेंबर 2022 मध्ये गुरांचे बाजार बंद झाले; पेरणीसाठी बैल विकून पैसा उभा करणाऱ्याचे त्यात जे गेले, ते कोणत्या रकान्यात घालावयाचे?

परदेशी पाठ्यपुस्तकांतील आणखी एक गृहीत येथे टिकत नाही. निकामी जनावराची मांसासाठी येणारी किंमत तेथे हानीतून वजा करतात. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे. रोगाने कायमचा अधू झालेला बैल मालकास वैरण घालून पोसावाच लागतो. म्हणजे जी रक्कम तेथे वजा होते, तिच्या जागी येथे वैरणीचा खर्च मिळवावा लागेल, आणि तो एका वर्षाचा नव्हे, बैल जगेल तितक्या वर्षांचा.