मरणाचा हिशेब

‘बॅटल गरेगा’ हा १९९६ सालचा जपानी आर्केड गेम रायझिंग कंपनीचा. शिनोबू यागावा हे त्यामागचे प्रमुख नाव. रचना ओळखीची आहे. पडदा वरून खाली सरकतो, आपले विमान समोरून येणाऱ्या फौजेवर मारा करते. अशा खेळात भरपूर गोळ्या झाडाव्यात, दिसेल ते शस्त्र उचलावे आणि जीव जपावा, हे कुणालाही कळते. गरेगात ही तिन्ही शहाणपणे अंगाशी येतात.

यंत्र आतल्या आत एक आकडा वाढवत असते. खेळाडू त्याला ‘रँक’ म्हणतात. प्रत्येक गोळीने, उचललेल्या प्रत्येक शस्त्राने तो चढतो आणि शत्रू अधिकाधिक चिवट होतात. तो ठळकपणे उतरतो मरण्याने. शिल्लक जीव जितके कमी, तितकी ही सूट मोठी. मूळ मांडणीत दर दहा लाख गुणांना नवा जीव मिळतो. म्हणून मुरलेले खेळाडू १०० पासून १०,००० पर्यंत चढणारी पदके एकही न निसटू देता वेचतात, त्या गुणांतून जीव मिळवतात आणि तो ठरल्या जागी मुद्दाम घालवतात.

या खेळाला क्रूर म्हणणे मला अपुरे वाटते. एरवी गुणांचा लोभ जीवावर बेततो. इथे गुण कमावल्याशिवाय जगताच येत नाही. हा काटकसरीचा खेळ आहे.

दोष मात्र आहेच. शत्रूच्या बारीक, धातूच्या रंगाच्या गोळ्या स्फोटांच्या ढिगाऱ्यात हरवतात. लपलेला नियम अभ्यासाने सापडतो. लपलेल्या गोळीपुढे अभ्यास तोकडा पडतो. समीक्षकाने या दोन लपवाछपवींना एकाच मापाने तोलू नये.

तो नियम खेळाडूंनी पुन्हा पुन्हा खेळून उकलला. जपानात उच्चांक छापणारे ‘गेमेस्ट’ मासिक १९९९ मध्ये बंद पडले, तरी ही विद्या टिकली. २०१६ च्या एमटू कंपनीच्या आवृत्तीने रँक पडद्याच्या कडेलाच दाखवला. त्याने खेळाचे गूढ गेले, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. आकडा दिसला, तरी कुठे मरायचे हा निर्णय खेळाडूचाच राहतो, आणि तो चुकला तर पुढच्या टप्प्यात त्याची किंमत मोजावीच लागते. गरेगाचे मोठेपण गुपितात असते, तर ते उघडे पडताच खेळ संपला असता.