घरची साक्ष

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लेखिका प्रोटेस्टंट परंपरेतल्या. तरीही कॅथॉलिक कुटुंबांनी ते आवर्जून वाचावे, असे आम्हांस वाटते.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीच्या संमतीवाचून. ख्रिस्ताला शरण गेलेल्या या भक्ताच्या घरी वियोगाची वर्षे सुरू झाली. लक्ष्मीबाई ते दुःख लपवीत नाहीत. पतीचा तापटपणा लपवीत नाहीत, आणि स्वतःचे सोवळेओवळेही नाही. तरी त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही, विनोदाचा ओलावा आहे. पुढे जातिभेद ही माणसाचीच निर्मिती, हे त्यांना आतून उमगले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्धाराने बाप्तिस्मा घेतला. ही श्रद्धा पतीमागून फरफटत आलेली नाही. म्हणूनच ती पटते.

आपल्याकडील बोधपर कौटुंबिक कथा हिच्याशेजारी ठेवून पाहाव्यात. तेथे जपमाळ संपताच सासूसुनेचे भांडण मिटते आणि मद्यपी पती शेवटच्या परिच्छेदात सुधारतो. अशा कथा आम्हीही प्रवचनांतून सांगितल्या आहेत. त्या ऐकून घरी परतणाऱ्या एखाद्या भगिनीला आपलेच घर देवाने टाकले असे वाटत असेल, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले.

सायंप्रार्थनेनंतर या ग्रंथाची दोन पाने घरात मोठ्याने वाचावीत. हसू येईल, कदाचित एकमेकांची क्षमा मागणेही थोडे सोपे जाईल.