पानिपतचे न फिटलेले सुतक

पानिपतावर कसे मरावे, हे मराठी कलावंताला तोंडपाठ आहे. विश्वासरावांना गोळी लागते, सेनापती भाऊसाहेब बेभान होऊन गर्दीत घुसतात, इब्राहिमखानाच्या तोफा थंडावतात, होळकर निघून जातात आणि पडदा पडतो. पडल्या पडद्यामागे हजारो प्रेते उघड्या रानात पडून आहेत. त्यांना अग्नी कोणी दिला, पिंड कोणी ठेवले, कोणाच्या घरी सुतक धरले गेले आणि कोणाच्या घरी वर्षानुवर्षे कुंकू पुसावे की नाही हाच घोर राहिला, याकडे कादंबरी, नाटक, पोवाडा आणि चित्रपट यांनी क्वचितच पाहिले. अडीचशेहून अधिक वर्षांत आपण या लढाईवर भरपूर लिहिले, पण तिच्या मृतांची क्रिया आपल्या कलेने अजून केलेली नाही. याचा परिणाम असा, की रंगमंचावर आणि पडद्यावर दिसणारा पानिपतचा मराठा कोणत्याही खऱ्या समाजातला वाटत नाही. त्याला भगवा झेंडा आहे, गर्जना आहे. देवघर नाही, श्राद्धाची तिथी नाही, मरणाची भीतीही नाही.

खऱ्या मराठ्याच्या मरणाला मात्र मोठा पसारा होता. रणात समोरासमोर पडलेला वीर सूर्यमंडळ भेदून जातो, ही श्रद्धा जुनी. गावोगावच्या वीरगळींवर तीच कोरलेली आहे: खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेत आहेत, त्यावर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळींवर तर थेट जहाजांची लढाई आहे. युद्धात पडलेल्याचे सुतक लगेच फिटते, असे स्मृती सांगतात. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षात चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. अनेक मराठा घरांत वीराचा चांदीचा टाक देवांच्या ओळीत बसतो. देह सापडलाच नाही, तर त्यालाही वाट आहे: ठरावीक वर्षे, साधारण बारा, वाट पाहायची आणि मग पळसाच्या देठांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. म्हणजे बेपत्ता माणसाचे काय करायचे, हा प्रश्न या संस्कृतीने आधीच सोडवून ठेवला होता. पानिपताने ते उत्तर अपुरे पाडले.

हे कसे घडले ते पाहायचे, तर दोन मरणे शेजारी ठेवावीत. ७ डिसेंबर १७६० च्या चकमकीत सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. छावणी वेढलेली, धान्य संपत आलेले. तरीही त्यांना रीतसर अग्नी मिळाला आणि पत्नी लक्ष्मीबाई त्याच छावणीत सती गेल्या. मागे त्यांचा अल्पवयीन मुलगा राहिला. जेमतेम पाच आठवड्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला, रीत पाळायला कोणी उरलेच नाही. विश्वासरावांचा देह अब्दालीच्या गोटात गेला. तो पेंढा भरून काबूलला न्यावा, असे अफगाणांच्या मनात होते. अब्दालीच्या बाजूने आलेल्या शुजाउद्दौल्याच्या रदबदलीने तो दहनासाठी मिळाला. भाऊसाहेबांचा म्हणून एक शिरविरहित देह ओळखला गेला, जाळला गेला, आणि शीर नंतर सापडले असे सांगितले गेले. हे सारे शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे. जनकोजी शिंद्यांना कैदेत गुपचूप मारून पुरले, हेही त्यानेच लिहिले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर जखमी होऊन सुरजमल जाटाच्या आश्रयाला पोचला, तिथे वारला आणि मुसलमानी रिवाजाने दफन झाला. एका सैन्यात किती धर्म, किती रिवाज! आपल्या नाटकांत मात्र सगळे एकाच घोषणेत मरतात.

जुन्या लेखकांना हे भान होते. 'पानिपतची बखर' रघुनाथ यादवाने गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली. गोपिकाबाई म्हणजे विश्वासरावांची आई. आपला मुलगा कसा गेला हे तिला जाणून घ्यायचे होते, आणि या वाङ्मयाची सुरुवात अशी एका आईच्या मागणीतून झाली, हे समीक्षकांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. 'भाऊसाहेबांची बखर' महाभारताचा आधार घेते, तोही नुसत्या अलंकारासाठी नाही. इतक्या मरणांना अर्थ लावायचा तर त्याच मापाची कथा हाती हवी होती. लढाईनंतर सावकारांच्या पत्रांतून बातमी आली, तीही फुटलेली मोत्ये, हरवलेल्या मोहरा आणि मोजता न येणारा खुर्दा अशा सांकेतिक भाषेत. वाईट बातमी थेट न सांगण्याचा संकेत त्या पत्रांतही पाळलेला दिसतो.

विसाव्या शतकाने हा धागा सोडला. गोविंदाग्रजांच्या 'पानपतचा फटका' या कवितेने झुंजीचा आवेश इतक्या ताकदीने पकडला, की पुढच्या पिढ्यांना पानिपत म्हणजे तो ठेकाच वाटू लागला. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' (१९१३) हे मात्र या परंपरेतले वेगळे नाटक. भाऊसाहेबांचे नाव सांगणारा सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण १७७६ मध्ये पकडला गेला आणि मारला गेला. त्याच्या मागे काही काळ कोकणातले किल्ले आणि माणसे उभी राहिली. लोक इतके भोळे होते म्हणून हे घडले असे नाही. देह पाहिल्याशिवाय मरण मानायचे कसे, हा त्यांच्या धर्माचाच प्रश्न होता. केळकरांनी त्या प्रश्नाचे राजकारण उत्तम रंगवले, पण त्यामागचा शोक त्यांना मुख्य विषय वाटला नाही.

त्या शोकाचे खरे पात्र पार्वतीबाई. भाऊसाहेबांच्या पत्नीने वैधव्य मानले नाही. १७८३ मध्ये वारेपर्यंत त्या सुवासिनी म्हणून राहिल्या. बावीस वर्षे पेशव्यांच्या घरात प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक श्राद्धाला या बाईचे कपाळ हा एक प्रश्न होता. यावर मराठीत एखादे थोर नाटक असायला हवे होते. त्याऐवजी आपल्या वाचकांच्या मनात ठसली आहे ती माधवराव पेशव्यांची पत्नी रमाबाई. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) थेऊरला, माधवरावांच्या चितेपाशी संपते आणि तिथले सहगमन कादंबरीला सुरेख पूर्णविराम देते. चिता ही लेखकाला सोयीची असते, तिथे कथा थांबते. वाट पाहणारी बाई गैरसोयीची, कारण तिची कथा संपवता येत नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने सोय निवडली, असे म्हणणे भाग आहे.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या 'पानिपत: १७६१' (१९६१) या ग्रंथाने लढाईचा डाव, भूगोल आणि राजकारण यांची नवी मांडणी केली आणि भाऊसाहेबांवरचा अपयशाचा डाग बराच पुसला. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) त्याच पुनर्विचाराच्या वाटेने गेली. या कादंबरीचे बळ तिच्या भुकेत आहे: चारा, धान्य, पैसा, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांच्यासह सरकणारी ती अजस्र छावणी वाचकाला विसरता येत नाही. वामन केंद्रे यांनी बसवलेल्या 'रणांगण'ने ती गर्दी रंगमंचावर देहबोलीतून उभी केली, हेही कमी नाही. पण या दोन्ही कृतींचा जीव मोहिमेत आणि लढाईत आहे. त्यांचा प्रश्न 'आपण का हरलो?' हा आहे. 'हरल्यावर आपण आपल्या मृतांचे काय केले?' हा प्रश्न त्यांच्या पलीकडे राहतो.

चित्रपट आणखी मागे आहे. आशुतोष गोवारीकरांच्या 'पानिपत'मध्ये (२०१९) नायक कॅमेऱ्यासमोर ठसठशीत मरतो. ज्या संशयाने कोकणात तोतयाचे बंड घडवले, तो संशयच त्यामुळे निकालात निघतो. 'बलोच'ने (२०२३) लढाईनंतर गुलाम म्हणून नेलेल्यांची वाट धरली. विषय निवडण्याचे ते धाडस दाद देण्याजोगे आहे; हाताळणीत मात्र पुन्हा साहस आणि सूड वरचढ ठरतात. चित्रकलेत तर या लढाईचे सर्वांत गाजलेले जुने चित्र आपले नाहीच. ते १७७० च्या सुमाराचे, फैजाबाद शैलीतले, म्हणजे विजेत्यांच्या बाजूचे आहे आणि ब्रिटिश लायब्ररीत आहे.

काला अंब इथे या सगळ्याचा हिशेब समोर येतो. पानिपत शहराबाहेर काही किलोमीटरवर विटांचा एक खांब, भोवती लोखंडी कठडा आणि बाग एवढेच मूळ स्मारक. इथले आंब्याचे झाड रक्ताने काळे पडले, अशी स्थानिक कथा आहे. ते वाळल्यावर त्याच्या लाकडाचे दरवाजे केले गेले, असेही सांगतात. हरयाणातला रोड समाज आपण पानिपतच्या मराठ्यांचे वंशज आहोत असे मानतो. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत, पण दर १४ जानेवारीला इथे जमणाऱ्या गर्दीत तो समाज मोठ्या संख्येने असतो. रोहतकजवळच्या सांघी गावात तर भाऊसाहेब वाचले आणि नाथपंथी साधू होऊन राहिले, अशी श्रद्धा आहे. कोकणातला तोतया आणि सांघीतला साधू ही एकाच न मिटलेल्या शंकेची दोन रूपे आहेत, आणि लोकांची कल्पनाशक्ती आपल्या नाटककारांहून इथे अधिक जागी दिसते.

१४ जानेवारीला साजऱ्या होणाऱ्या शौर्य दिनाच्या भाषणांत ही लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येई. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तो १० जानेवारी १७६० हा संक्रांतीचा दिवस होता. चूक लहान आहे. पण ज्यांचे स्मरण करायचे त्यांची तिथी तरी नीट ठाऊक असावी, एवढी अपेक्षा श्राद्ध घालणाऱ्या समाजाकडून गैर नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये पानिपत इथे स्मारकाची घोषणा केली आहे. सवयीने जायचे, तर तिथे एक उंच अश्वारूढ पुतळा, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि शिल्पपटांवर तीच लढाई येईल. दुसरा मार्गही आहे. बेल्जियममधल्या ईप्र इथे १९२७ मध्ये उघडलेल्या मेनिन गेटवर पहिल्या महायुद्धात ज्यांचे देह सापडले नाहीत अशा चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत भारतीयही आहेत. आपल्याकडे तशी यादी पूर्ण होणार नाही, तरी बखरी, पत्रे, देवस्थानांची दप्तरे आणि त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळल्या, तर बरीच नावे हाती लागू शकतील: सरदारांची, गारद्यांची, कारकुनांची, बुणग्यांची, आणि घरी न परतलेल्या नाना फडणिसांच्या आईसारख्या बायकांचीही. ही नावे वीरगळीच्या आपल्याच परंपरेत कोरावीत, आणि समशेर बहाद्दर व इब्राहिमखान यांनाही त्यांच्या रिवाजासह त्यात जागा द्यावी. स्मारकाचा आराखडा ठरवणाऱ्यांनी शिल्पकार नेमण्याआधी ही यादी करायला एखादा इतिहासकार नेमावा. नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी १४ जानेवारीच्या संध्याकाळी थांबण्याची सवय सोडून १५ तारखेपासून लिहायला घ्यावे.