मंडळीतला वाद आणि ‘समेट’ नावाचं व्हेरिएबल

पेट पास झालेल्या दोघातिघांनी विचारलं की, चर्चमधल्या भांडणांवर ‘रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिस’ हा विषय घेतला तर आरआरसीसमोर टिकेल का? टिकेल. पण सगळे ज्या पुस्तकापासून सुरुवात करतात, ते हॉवर्ड झेर यांचं ‘चेंजिंग लेन्सेस’ (1990) जालना जिल्ह्यात आणलं की कुठे अडतं, हे आधी बघून घ्या. मी माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ते बघितलं नव्हतं.

झेर यांचं म्हणणं थोडक्यात असं. नेहमीची न्यायव्यवस्था विचारते: कायदा कोणता मोडला, कोणी मोडला, शिक्षा काय. त्याऐवजी विचारा की इजा कोणाला झाली, त्या माणसाला आता काय हवंय, आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची. ही मांडणी मला आजही पटते. त्यांचं नेहमीचं उदाहरण कॅनडातल्या एल्मायरा गावाचं आहे. 1974 मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस जणांच्या मालमत्तेची नासधूस केली. मार्क यांत्झी या मेनोनाइट प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं आणि त्या पोरांना घरोघरी जाऊन लोकांना भेटायला, नुकसान भरून द्यायला लावलं.

आता ही केस संशोधकाच्या नजरेने वाचा. त्या पोरांनी गुन्हा आधीच कबूल केला होता. नुकसान पैशात मोजता येत होतं. ज्यांचं नुकसान झालं ते त्या पोरांवर अवलंबून नव्हते. आणि मागे न्यायाधीश उभा होता. मंडळीतल्या भांडणात यातलं काय असतं? कबुली नसते, कारण दोन्ही बाजूंना आपणच दुखावलो गेलो असं वाटतं. नुकसान मोजता येत नाही. आणि अवलंबून तर सगळेच सगळ्यांवर.

जालन्यात हे जास्तच. इथल्या ख्रिस्ती समाजाची गोष्ट नारायण शेषाद्रींपासून सांगतात. निजामाच्या राज्यात त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली; मंडळीत आलेले बरेचसे लोक मांग आणि महार समाजातले होते. अशा वसाहतीत जमीन, शाळा, नोकरी, सोयरीक आणि उपासना एकाच छपराखाली येतात. तिथे ‘मंडळी’ म्हणजे रविवारी एकत्र येणारा गट एवढंच नसतं. झेर ज्याला ‘समुदाय’ म्हणतात आणि मध्यस्थ म्हणून बसवतात, तो इथे पुष्कळदा स्वतःच पक्षकार असतो. पंच म्हणून बसलेला माणूस एकाचा मेहुणा असतो आणि दुसऱ्याचा घरमालक.

माझी चूक सांगते. एका मंडळीतला (नाव देत नाही) दोन घरांमधला वाद मी ‘मिटला’ म्हणून कोड केला होता. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे पायऱ्या घेतल्या होत्या: आधी दोघांनी एकांतात बोलायचं, नाही जमलं तर एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. शेवटी दोन्ही घरांतले कर्ते पुरुष एकत्र प्रभुभोजनाला बसले. माझ्या शीटमध्ये 1. सहा-सात महिन्यांनी कळलं की ज्या सुनेच्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, ती दर रविवारी एसटीने दुसऱ्या गावच्या चर्चला जाते. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मत्तय 18 बद्दल एक गोष्ट तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये यायलाच हवी. या उताऱ्यावर विसाव्या शतकात सर्वांत प्रभावी लिहिणाऱ्यांपैकी एक होते जॉन हॉवर्ड योडर, झेर यांच्याच मेनोनाइट परंपरेतले. त्यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं. संख्या शंभराच्या वर असू शकेल असा अंदाज आहे. तक्रारी आल्या तेव्हा त्यांनी ढाल केली ती याच उताऱ्याची: जिची तक्रार आहे तिने आधी माझ्यासमोर येऊन बोलावं. 1984 मध्ये त्यांना सेमिनरी सोडावी लागली, पण 1992 ते 1996 या काळात चर्चने चालवलेल्या शिस्तीच्या प्रक्रियेत भर राहिला तो त्यांना परत घेण्यावर. रेचल वॉल्टनर गूसन यांचा 2015 चा लेख मिळवून वाचा. आणि एक योगायोग: योडर शिकवत ते एल्कहार्ट आणि झेर यांनी ज्या गावात पीडित-अपराधी समेटाचं काम उभं केलं ते एल्कहार्ट, एकच.

‘पुनर्स्थापना’ हा आपला मराठी प्रतिशब्दही मला म्हणूनच खटकतो. पुन्हा स्थापायचं ते काय? आधी जे होतं तेच जर दुखण्याचं मूळ असेल तर?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. याच नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे होता. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. जांभेकरांचं धाडस मोठंच. पण मिशनच्या नोंदी सांगतात की मुलाला तिथेच राहायचं होतं. कोर्ट, वडील, मिशन, शास्त्रीमंडळ, सगळे त्याच्याविषयी बोलत होते. झेर यांचा दुसरा प्रश्न, ‘याला काय हवंय’, तिथे कोणाच्या यादीत होता?

फील्डवर्कमध्ये आणखी एक अडचण येईल. तुम्ही गावात ‘वर्तुळात बसून बोलू’ म्हणालात की लोकांच्या डोळ्यांसमोर येते तंटामुक्ती समिती. 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेल्या त्या मोहिमेत किती तंटे मिटवले यावर गुण होते आणि गुणांवर पुरस्काराची रक्कम. समेट हाच आकडा झाला की दबणारा माणूस आणखी दबतो, ही त्या मोहिमेवरची जुनी टीका. मुलाखतीत ‘हो, मिटलं ना’ असं पटकन उत्तर आलं तर ते या सवयीतून आलंय का, हे तपासा.

मग कायद्याकडे जावं, तर तिथली तऱ्हा वेगळी. मंडळीचा वाद कागदावर येतो तो बहुधा धर्मादाय कार्यालयात: 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाचं कलम 22, चेंज रिपोर्ट, खरे विश्वस्त कोण. दुखावलं कोण हा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालं. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळ्यांच्या विलीनीकरणाचा आणि मालमत्तेचा वाद 2005 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिथे कोर्टाने सांगितलं की हे प्रश्न दिवाणी न्यायालयाचे नाहीत, धर्मादाय यंत्रणेचे आहेत. दुसरीकडे, मंडळीत जातीवरून अपमान झाला तर ख्रिस्ती म्हणून नोंद असलेल्या दलित माणसाला ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार नाही, कारण 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात ख्रिस्ती येत नाहीत. एल्मायरातल्यासारखा न्यायाधीश त्याच्या मागे उभा नाही. एवढ्यासाठीच मी झेरना सोडून देत नाही. अशा माणसासाठी मंडळीतली बैठक हीच कधी कधी एकमेव जागा असते, आणि ती नीट चालली की नाही यावर त्याचं बरंच काही ठरतं.

मी आता ‘वाद मिटला का’ हा प्रश्न शेड्यूलमधून काढून टाकलाय. त्याऐवजी विचारते: बैठकीआधी तुमच्याशी एकटीशी, एकट्याशी कोण बोललं? तुम्ही नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं? आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन बघते, रविवारी कोण कुठे बसतंय आणि कोण येतच नाहीये. गाईड म्हणतात, यात एन फार लहान होईल. होऊ दे.